खिडकीत कूलर, माणूस अंधारात: कामाच्या जागेचा उजेड कसा सुधारायचा

एप्रिलमधली दुपार, एक वाजून गेलेला. वर्धा नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीत पंख्याचं रेग्युलेटर बदलायला गेलो होतो. मी आयटीआय केलेला वायरमन. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या पंचायती, शाळा, जिन (कापसातली सरकी वेगळी करायचे कारखाने), सेतू केंद्रं, शिलाईची शेडं, सगळीकडे माझं जाणं-येणं. संगणकावर बसलेला पोरगा दोन्ही हातांनी डोळे चोळत होता. म्हणाला, "भाऊ, दोन वाजले का डोयेच मिटतेत. चार घास कमी खाऊन पाह्यले, तरी तेच."

खोलीला दोन खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीत कूलर, आणि कूलरभोवती उरलेल्या जागेत पुठ्ठा अन् थर्माकोल ठोकलेला. उत्तरेच्या खिडकीपुढे जुन्या बस्त्यांचं लोखंडी कपाट. वर एकच ट्यूब, तिच्यावर चार वर्षांची धूळ. मोबाइलमधलं उजेड मोजायचं अॅप उघडून मी तो पोराच्या कपाळाशेजारी धरला. आकडा आला ४५ लक्स. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. तसाच बाहेर जाऊन दारासमोरच्या कडुनिंबाखाली धरला, तर ११ हजारांच्या वर. मध्ये अंतर पंधरा पावलांचं.

विदर्भाची ही गंमत आहे. वर्षातले बरेच महिने डोक्यावर लख्ख ऊन, आणि आपण दिवसभर काम करतो ते गुहेत. आपलं भांडण उन्हाच्या तापाशी आहे, उजेडाशी नाही. पण खिडकीला पुठ्ठा मारताना आपण दोघांनाही एकदमच हाकलतो. ताप बाहेर ठेवून उजेड तेवढा आत कसा घ्यायचा, ते मी आजवर जिथं जिथं करून पाहिलं त्यावरून लिहितो आहे. कुठं चुकलो तेही लिहितो.

डोळ्याला दोन कामं असतात

एक काम पाहण्याचं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं काम आहे मेंदूला वेळ सांगण्याचं. डोळ्याच्या पडद्यात काही थोड्या पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. भोवती उजेड किती आहे एवढं मोजून त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. अमेरिकेतल्या डेव्हिड बर्सन यांच्या गटानं २००२ साली या पेशी स्वतःच उजेड ओळखतात हे दाखवलं. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतं. मोकळ्या आकाशाच्या उजेडात हा निळसर भाग भरपूर असतो. भरपूर उजेड मिळाला की शरीराला कळतं, दिवस आहे, जागं राहायचं. नाही मिळाला की निरोप अर्धवट जातो.

फसगत इथं होते. ४५ लक्समध्ये सातबारा वाचता येतो, आधार नंबर टाइप करता येतो. बाहुली मोठी होते, डोळा जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं उजेड पुरेसा आहे. पाहणाऱ्या डोळ्याला पुरतो, घड्याळवाल्या डोळ्याला पुरत नाही. म्हणून "दिसते ना बरोबर?" या प्रश्नावर उजेडाचा निकाल लावू नका.

किती हवा? २०२२ साली या विषयातल्या जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून तीन आकडे सुचवले. दिवसा डोळ्यांपाशी किमान २५०, झोपेआधीचे तीन तास १०च्या आत, आणि झोपेत १च्या आत. हे आकडे निळसर भागाला वजन देऊन काढलेले लक्स आहेत. खिडकीतल्या उजेडाचे अॅपवरचे लक्स यात जवळपास तसेच धरता येतात, पांढऱ्या एलईडीचे थोडे कमी, पिवळ्या बल्बचे निम्म्याच्या आसपास. म्हणून अॅपवर डोळ्यांपाशी ३०० दिसले की ठीक, असं मी धरतो.

रात्रीच्या झोपेचाही याच्याशी संबंध आहे. अमेरिकेतल्या ४९ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला. खिडकी असलेल्या जागी बसणारे लोक बिनखिडकीवाल्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. अभ्यास लहान आहे आणि झोप खिडकीमुळेच वाढली असं त्यातून सिद्ध होत नाही. पण दिवसा अंधारात बसलेल्याला रात्री झोप नीट लागत नाही, मग दुसऱ्या दिवशी तो पेंगतो आणि चिडतो, हे चक्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की मला तो आकडा परका वाटत नाही.

आणखी एक. दुपारी एक ते तीनमधली सुस्ती सगळी उजेडाच्या खात्यात टाकू नका. न जेवता राहिलं तरी त्या वेळी शरीराचं घड्याळ जरा उतरतंच. त्यात उकाडा, कमी पाणी, आणि रात्री डासांनी किंवा लाइट गेल्यानं मोडलेली झोप. उजेड सुधारल्यानं सुस्ती कमी होते, नाहीशी होत नाही.

आधी मोजा

मोबाइलवर लक्स मीटरचं फुकट अॅप घ्या. उजेड मोजणारा ठिपका बहुतेक फोनमध्ये वरच्या बाजूला, कानाला लावतो त्या जागेजवळ असतो. कव्हर किंवा काच त्याच्यावर येत असेल तर काढा. मग काम करणाऱ्या माणसाच्या कपाळाशेजारी फोन उभा धरा, स्क्रीन तो पाहतो त्या दिशेला. नुसता टेबलावर ठेवून मोजू नका. टेबलावर ३०० असले तरी डोळ्यांपाशी बरेचदा निम्मेही नसतात. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार, अशा तीन वेळा मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. फोनचा आकडा सोन्याच्या काट्यासारखा नसतो, बराच मागंपुढं होतो. पण ४५ आणि ३०० यांतला फरक कुठल्याही फोनला कळतो.

अंदाज यावा म्हणून सांगतो: भर दुपारचं ऊन एक लाखाच्या आसपास, दाट सावली दहा हजारांच्या पुढंमागं, पावसाळी आभाळ असलं तरी काही हजार, ओसरी हजार-दोन हजार, आणि आपल्या कचेऱ्यांतला आतला कोपरा ५० ते १५०.

वायर ओढण्याआधी टेबल ओढा

लोक मला बोलावतात ते ट्यूब वाढवायला. मी आधी टेबल हलवून पाहतो, आणि निम्म्या ठिकाणी माझं काम तिथंच संपतं. धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं नाही, पण असो.

खिडकीतून येणारा उजेड, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच तिच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत कामाचा असतो. कड सात फुटांवर असेल तर दहा ते चौदा फूट. त्यापलीकडे बसणारा माणूस खिडकी असूनही नसल्यासारखाच. म्हणून दिवसभर बसणाऱ्याला खिडकीजवळ आणा, आणि कपाट, रद्दी, प्रिंटर, पाण्याचा कॅन आतल्या भिंतीला न्या. आपल्याकडे बहुधा उलटं असतं. कपाटाला खिडकी मिळते, माणसाला कोपरा.

टेबल खिडकीला काटकोनात ठेवा, खिडकी बाजूला यावी. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला ती डावीकडे बरी, हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकीकडे तोंड करून बसलं तर डोळे दिपतात, पाठ करून बसलं तर सगळी खिडकी स्क्रीनवर दिसते. त्या पंचायतीत आम्ही दोघांनी बस्त्यांचं कपाट उत्तरेच्या खिडकीपुढून ढकललं आणि टेबल तिथं लावलं. पुन्हा मोजलं: २१०. अजून एक रुपया खर्च झाला नव्हता.

कूलरचा प्रश्न

हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे आणि उजेडावरच्या कुठल्याच पुस्तकात तो मिळणार नाही. चार बाय चारच्या खिडकीत दोन फुटांचं कूलरचं तोंड बसवायचं आणि उरलेली जागा पुठ्ठा, प्लायवूड, जुना बॅनर, मिळेल त्यानं बुजवायची. मग "थंडावा बाहेर जाईल" म्हणून समोरचीही खिडकी लावून घ्यायची. यात उजेड जातोच, आणि कूलरही नीट चालत नाही.

कूलर म्हणजे एसी नव्हे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत नुसती ओल साठते, घाम वाळत नाही आणि चिकचिक होते. म्हणून कूलरच्या समोरची, शक्यतो सावलीतली खिडकी चार-सहा बोटं तरी उघडी हवीच. ती उघडली की हवाही वाहते आणि उजेडही येतो.

आता बुजवलेली जागा. कूलर स्टँडवर खाली घ्या, त्याचं तोंड खिडकीच्या खालच्या अर्ध्यात येऊ द्या. वरच्या अर्ध्यात पुठ्ठ्याऐवजी पारदर्शक अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेटचा तुकडा किंवा मोडक्या खिडकीची जुनी काच बसवा. खालचा अर्धा भाग गेल्याचं फारसं दुःख करू नका, कारण खोलीच्या आतपर्यंत उजेड पोचवतो तो वरचाच भाग. दोन स्क्रू आणि एक रबराची पट्टी, तासाभराचं काम. खिडकी पश्चिमेची असेल तर त्या काचेवर तिसऱ्या प्रहराचं ऊन येणार, म्हणून पुढचं वाचल्याशिवाय हे करू नका.

शक्य असेल तर कूलर पश्चिमेच्या खिडकीतून काढून सावलीतल्या बाजूला लावा. उन्हात तापणाऱ्या कूलरच्या टाकीतलं पाणीही तापतं. वायरिंग लांबवावं लागलं तर लांबवा, पण अर्थिंग बघूनच. पाणी आणि वीज एकाच पेटीत असते, इथं काटकसर नको.

ऊन काचेच्या बाहेरच अडवा

पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं आणि ताप खोलीतच राहतो. अडवायचं ते बाहेरून. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडकीबाहेर फूट-दीड फूट अंतर सोडून बांबूचा तट्टा टांगा, किंवा शेडनेट. आपल्याकडे सगळे हिरवी नेट लावतात. पांढरी मिळाली तर ती घ्या, उजेड जास्त येतो आणि माणसं आजाऱ्यासारखी हिरवी दिसत नाहीत. नेट खिडकीला चिकटवू नका, मधून हवा खेळू द्या.

दक्षिणेची खिडकी सोपी आहे. आपण साधारण २०-२१ अक्षांशावर. मेच्या शेवटी दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा लहानसा छज्जाही पुरतो. डिसेंबरात तो दुपारी ४५ अंशांपर्यंत खाली उतरतो आणि ऊन छज्जाखालून आत येतं, थंडीत ते हवंच असतं. उत्तरेची खिडकी तर देवानं दिलेली. वर्षातला बहुतेक वेळ थेट ऊन नाही, आणि दिवसभर एकसारखा उजेड. कापूस पारखणाऱ्यांना हे जुनं माहीत आहे. रुईचा रंग ठरवायच्या खोल्यांना पूर्वीपासून उत्तरेचा उजेड घेत आले आहेत, कारण तो सकाळ-संध्याकाळ फारसा रंग बदलत नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे १९७२नंतर सगळा कापूस सरकारच विकत घ्यायचं तेव्हा, कापसाच्या बंड्या घेऊन केंद्रावर गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. ग्रेडरनं मूठभर कापूस शेडाच्या सावलीत पाहिला की दारात आणून पाहिला, यावर किती वाद व्हायचे ते सांगतील.

चुना

छत आणि भिंती पांढऱ्या करा. ताजी पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला चार पंचमांशच्या आसपास परत फेकते. काळपट, धुरकटलेली भिंत पाचवा हिस्साही नाही. आणि डोळा दिवसभर पाहतो ती भिंतच. माणसाच्या समोरची भिंत उजळ असेल तर तोच उजेड त्याच्या डोळ्यांत जातो. गडद ऑइलपेंटचा पट्टा मारायची हौस असेल तर कमरेच्या खाली मारा. चकचकीत नको, साधा चुना किंवा डिस्टेंपर. खिडकीसमोर कंपाउंडची भिंत असेल तर तिलाही चुना मारा, ती उजेड आत फेकते.

टिनाचं शेड: माझी चूक

बचत गटाच्या बायकांचं एक शिलाई शेड आहे, २० बाय ३० फूट, चारी बाजूंनी टिन. शाळेचे गणवेश शिवतात. दिवसाही ट्यूब लावून काम, निळ्या कापडावर निळा दोरा दिसेना, आणि चार वाजेपर्यंत सगळ्यांची डोकी धरलेली. मी मोठ्या आत्मविश्वासानं वरचे चार पत्रे काढून पारदर्शक फायबरचे पत्रे टाकले, अगदी मशिनींच्या डोक्यावर. डिसेंबर होता. सगळ्या खूश.

मार्चमध्ये फोन आला. जाऊन पाहतो तर जमिनीवर उन्हाचे चार लख्ख चौकोन पडलेले, आणि ते सरकतात तशा बायका मशिनी सरकवताहेत. एका बाईनं डोक्यावर ओढणी घेऊन वर छत्री बांधली होती. म्हणाली, "भाऊ, तुम्ही तं आमाले घरातच वावरात बसोलं."

हिशेब मी आधी करायला हवा होता. दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ताप टाकतं. पारदर्शक पत्रा त्यातला बराचसा आत सोडतो. मी साठ चौरस फूट उघडे केले होते, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. चार-पाच हीटर छताला टांगल्यासारखंच ते.

आणि इतक्याची गरजच नव्हती. ६०० चौरस फुटांच्या शेडाला अडीच टक्के, म्हणजे १५ चौरस फूट दुधी पत्रा पुरतो. दुधी पत्रा साधारण अर्धा उजेड आत सोडतो आणि पसरवून सोडतो. एक लाखाचा अर्धा, त्याचे अडीच टक्के, म्हणजे खाली सरासरी १२५० लक्स. धूळ आणि काळ्या भिंतींत अर्धा गेला तरी दुपारी सहाशे उरतात. ताप मात्र ७०० वॅटच्या आसपास, एका लहान हीटरएवढा.

शेवटी तीन पारदर्शक पत्रे काढून जुने टिन परत बसवले. चौथ्याच्या जागी १५ चौरस फुटांचा दुधी पत्रा, तोही मशिनींवर नाही तर कापड कापायच्या टेबलापासून दूर, जायच्या-यायच्या वाटेवर. आणि खरा फरक पडला तो पुढच्या कामानं: उत्तरेच्या भिंतीचा अगदी वरचा, छपराखालचा दोन फुटांचा पट्टा काढून तिथं सरळ उभा दुधी पत्रा लावला. उभ्या पत्र्यावर उत्तरेचं ऊन फारसं पडत नाही, पडलं तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपं, पण आभाळाचा उजेड दिवसभर येतो. छताच्या उरलेल्या टिनाला बाहेरून चुना मारला. उजेडाशी त्याचा संबंध नाही, पण आत बसवतं तरी. पत्रे बदलायच्या खर्चात माझी मजुरी मी घेतली नाही, हे सांगायची गरज नव्हती, पण सांगतो.

नवं शेड बांधत असाल तर हा पट्टा आधीच ठेवा. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून छपराची कड त्याच्यावर फूटभर पुढं काढा.

आता ट्यूब

एवढं करूनही कमी पडत असेल तर दिवे. हिशेब असा. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते, लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. त्यातला अर्धाच टेबलापर्यंत पोचतो असं धरा. एका ट्यूबचे झाले ९० लक्स. कचेरीच्या कामाला ३०० ते ५०० लक्स हवेत असं भारतीय मानकही सांगतं, म्हणजे नुसत्या ३००साठीच या खोलीला तीन ते चार ट्यूब. आपण लावतो एक, आणि सरकारी अंदाजपत्रकातही बहुतेक एकच असते. तीन ट्यूब आठ तास जाळल्या तर अर्धं युनिट लागतं. साध्या छतपंख्याला लागतं त्याहून हे जास्त नाही.

तीन ट्यूब लावायच्या तर सगळ्या एका रांगेत छताला नको. छत दहा फुटांचं असेल तर ट्यूब सात-साडेसात फुटांवर, साखळीनं खाली घ्या किंवा भिंतीवर लावा. एक ट्यूब माणसाच्या समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड टाकेल अशी हवी, पण उघडी ट्यूब थेट डोळ्यांत येऊ नये. स्क्रीनच्या मागं कधीच नको.

रंग कोणता? खोक्यावर ६५००के, ४०००के असं लिहिलेलं असतं. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, ३००० म्हणजे पिवळसर. दिवसाच्या कामाला ६५०० किंवा ४००० चालतं. घड्याळवाल्या डोळ्याला ६५०० जास्त पोचतो. शिलाई, रंगकाम, संत्र्यांची प्रतवारी अशा रंगाच्या कामाला खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० किंवा त्याहून वर लिहिलेलं पाहून घ्या, नाहीतर पिकलेलं फळ आणि हिरवट फळ एकच दिसतं. खिडकीजवळची ट्यूब आणि आतली ट्यूब वेगवेगळ्या बटणावर ठेवा. एकाच बटणावर असल्या तर लोक वीज वाचवायला सगळ्याच बंद करतात.

वयाचं लक्षात ठेवा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानानं एक तृतीयांशच्या आसपासच उजेड पोचतो. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी, आणि वर दिपतंही लवकर. शेडात सगळ्यात चांगली जागा सगळ्यात म्हाताऱ्या शिंपिणीला द्या.

फडफड

आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब आणि हलक्या एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं चढतं. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरा. स्क्रीनवर जाडजाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब फडफडते आहे. बदला. चक्की, लेथ, जिनचे पट्टे अशा फिरत्या यंत्रापाशी तर लगेच बदला. अशा उजेडात फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं आणि माणूस हात घालतो. ही झोपेची नाही, बोटांची गोष्ट आहे.

जिनमध्ये उघडा बल्ब किंवा उघडं होल्डर नको. रुईचे बारीक तंतू बसतात आणि आग लागू शकते. धूळबंद फिटिंगच घ्या.

पुसा

ट्यूब, काच, दुधी पत्रा महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा, ट्यूब बंद करून आणि थंड झाल्यावर. चक्की आणि जिनमध्ये आठवड्याला. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम १७मध्ये हेच लिहिलं होतं: उजेडासाठी असलेल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात. त्या पंचायतीतली ट्यूब पुसली तेव्हा पोरगा म्हणाला, "नवीन लावली का?"

दिवसाची वाटणी

उजेड कधी मिळतो यालाही किंमत आहे. सकाळचा उजेड घड्याळ पुढं ओढतो, म्हणजे रात्री वेळेवर झोप येते. वावरातून येऊन कामावर बसणाऱ्याला तो आपोआप मिळालेला असतो. अडचण होते ती घरातून निघून चेहऱ्याला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा लावून गाडीवर येणाऱ्यांची आणि दिवसभर आत बसणाऱ्यांची. चष्म्याला माझी हरकत नाही, धूळ आणि ऊन दोन्ही आहे. पण सकाळचा चहा ओसरीवर किंवा अंगणात घ्या, वीस-तीस मिनिटं. सूर्याकडे पाहायचं नाही, नुसतं बाहेर बसायचं.

जेवण झाल्यावर दहा मिनिटं कडुनिंबाखाली. उन्हात नको, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. सावलीतही आतल्यापेक्षा शंभरपट उजेड असतो. पाणी पिऊनच बाहेर पडा.

संध्याकाळी उलटं. घरी ६५००ची ट्यूब झोपेपर्यंत जाळू नका, जेवणानंतर एक पिवळा बल्ब पुरतो. अंगणात बाज टाकून झोपणारे एक गोष्ट पाहत नाहीत: पंचायतीनं लावलेला एलईडी पथदिवा थेट तोंडावर असतो. बाज फिरवा, किंवा पंचायतीला सांगून दिव्याला वरून पत्र्याची टोपी बसवून घ्या. हे काम मी चार गावांत केलंय, पाच मिनिटं लागतात.

फरक पडला का ते कसं कळणार

बदल करायच्या आधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, रोज साडेअकरा, अडीच आणि साडेचार वाजता वहीत एक ते पाचमधला एक आकडा लिहा. एक म्हणजे टक्क जागा, पाच म्हणजे मान पडते. बाजूला डोकेदुखी आणि त्या दिवशीच्या चुका, उसवलेल्या शिलाया, परत आलेले फॉर्म.

पहिल्या चार दिवसांच्या आनंदावर जाऊ नका. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून उजेडाचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तर काम वाढलं, आणि कमी केला तेव्हाही वाढलं असं सांगतात. त्या आकड्यांवर पुढं पुष्कळ वाद झाला, पण कोणी आपल्याकडे लक्ष देतंय म्हटल्यावर माणूस हुरूपानं काम करतो, एवढं आपल्यालाही माहीत आहे. तिसऱ्या आठवड्यातला आकडा खरा.

मनाचंही वहीत लिहा, चिडचिड, कंटाळा. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, खाणं-झोप उडाली, जगण्यात काही वाटेनासं झालं, तर ट्यूब बदलत बसू नका. कर्जाचा, नापिकीचा, घरातल्या कटकटीचा भार उजेडानं हलका होत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही सांगा.

पाऊस लागला की

आभाळ भरलं की आतला कोपरा आणखी काळा होतो. बाहेर मात्र तेव्हाही काही हजार लक्स असतात. आणि खिडकीत कूलर तसाच. दमट हवेत तो काही थंड करत नाही, उलट ओल वाढवतो. तरी दिवाळीपर्यंत कोणी काढत नाही, काही ठिकाणी तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. आषाढ-श्रावणात लोक म्हणतात, मन लागत नाही. खिडकीकडे बघतच नाहीत.

त्या पंचायतीत पोरानं खिडकीशेजारच्या चुन्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: "मिरगानंतर दुसरा सोमवार, कूलर बाहेर." गेल्या वर्षी तो सोमवार चुकला. शिपाई सुट्टीवर होता आणि कूलर एकट्यानं उचलत नाही. बुधवारी मीच गेलो. काढताना खालच्या टाकीत बेडूक निघाला.